'आमूर' बघा, पण पूर्ण बघा

दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा 'आमूर' परत पाहिला, या वेळी आईसोबत, आणि तेव्हापासून डोक्यातून जाऊनच नाही राहिला, म्हणून लिहितो. २०१२ चा सिनेमा, कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये पाम दोर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, पुढच्या वर्षी परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पॅरिसमधल्या एका फ्लॅटमध्ये जॉर्ज आणि ॲन, ऐंशी पार केलेले नवरा-बायको, दोघंही संगीत शिकवून रिटायर झालेले, आणि एका सकाळी नाश्ता करता करता ॲन एकदम थिजून बसते. डोळे उघडे, पण तो हाका मारतो तर काही नाही. तो नळाखाली टॉवेल ओला करून तिच्या तोंडावर, मानेवर फिरवतो, नळ तसाच चालू ठेवून कपडे बदलायला आत जातो, आणि आत असतानाच त्याला नळ बंद झाल्याचं ऐकू येतं. बाहेर येतो तर ती त्यालाच विचारते, नळ काहून चालू ठेवला होता? मग चहा ओतायला जाते आणि धार कपाबाहेर. बस. पार्श्वसंगीत नाही, रडारड नाही, पण माझे हातपाय गार पडले.

पुढे ऑपरेशन बिघडतं, उजवी बाजू जाते, आणि ती त्याच्याकडून वचन घेते की मला परत हॉस्पिटलात न्यायचं नाही. तिथून पुढचा सगळा सिनेमा म्हणजे त्या वचनाचं ओझं एक म्हातारा माणूस कसा उचलतो ते. तिला उठवणं, बाथरूमला नेणं, भरवणं. ती पाणी थुंकते तेव्हा एकदा त्याचा हात उठतो तिच्यावर, आणि लगेच माफी मागतो. मला त्याचा राग नाही आला. ज्यांनी घरी असं माणूस सांभाळलं त्यांना नाही येणार.

आमच्या मोठ्या आईला लकवा मारला तेव्हा मोठ्या बाबांनी सगळं केलं, लक्ष्मीनगरच्या घरात दोघंच, मुलं एक पुण्यात एक बाहेर देशात. ब्युरोतून आलेली बाई केस ओढून विंचरायची म्हणून त्यांनी तिला बंद केलं आणि स्वतः वेणी घालायला लागले. मे महिना, कूलरसमोर पलंग, हे मागे बसून तीन पेड घ्यायचे, हात थरथरायचा, तिसरा पेड सुटायचा की पुन्हा पहिल्यापासून, आणि मोठी आई डाव्या हातात रबर धरून शांत बसलेली, वेणी झाली की खांद्यावरून मागे द्यायची. सिनेमात नर्स ॲनचे केस तसेच खसाखसा विंचरते, वरून तोंडासमोर आरसा धरते, आणि जॉर्ज तिला काढून टाकतो, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला.

आणि ती मुलगी, ईवा, इझाबेल उपेरने केलेली. येते, रडते, काहीतरी करायला पाहिजे म्हणते. जॉर्ज तिला सरळ सांगतो की तुझ्या काळजीचा मला काही उपयोग नाही. लोक तिला व्हिलन म्हणतात, मला नाही पटत. तिचंही आईवर प्रेम आहेच न, पण ती येऊन जाऊन असते आणि तो रात्रंदिवस तिथेच. आपल्याकडेही हेच चालतं, पाहुणे सफरचंद घेऊन यायचे, मोठी आई कशी आहे विचारायचे, पण मोठे बाबा रात्री किती झोपले हे विचारणारा कोणी नाही. सांभाळणाराही म्हाताराच असतो, त्यालाही बीपी असतं, त्याचेही गुडघे दुखतात, हे आपल्या लक्षातच येत नाही.

ॲनचं काम करणारी इमॅन्युएल रिवा १९५९ मध्ये 'हिरोशिमा मों आमूर'ची नायिका होती, जॉर्ज झालेला ज्याँ-लुई त्रिंतिन्याँ १९६६ च्या 'अ मॅन अँड अ वुमन'चा देखणा हिरो. रिवाला या कामासाठी ऑस्कर नॉमिनेशन होतं आणि समारंभाच्या दिवशीच तिचा ८६ वा वाढदिवस. आता दोघंही नाहीत. ॲन जेवता जेवता मध्येच फोटोंचा अल्बम मागते आणि पानं उलटत बसते, तेव्हा मला त्या दोघांचे जुने चेहरे आठवून राहिले होते.

डिप्रेसिंग आहे म्हणून अर्ध्यात बंद करणारे माझे मित्र आहेत, त्यांना विनंती, दोन तास सात मिनिटांचा आहे, मोबाईल बाजूला ठेवून पूर्ण बघा. प्रेमाच्या गोष्टी आपण लग्न लागलं की संपवतो, हानेके तिथून पन्नासेक वर्षं पुढे जाऊन सुरू करतो आणि कुठेच नजर वळवू देत नाही. शेवटाबद्दल भांडा माझ्याशी, आईशी माझं अजून चालू आहे, तिला तो शेवट मान्य नाही आणि मला आहे. मोठ्या बाबांना रविवारी जेवायला बोलावलंय, मोठी आई गेल्यापासून ते एकटेच आहेत, पण त्यांना हा सिनेमा दाखवायचा नाही एवढ्यावर आमचं दोघांचं एकमत झालं.