पितळेची इंजिनं आणि 'गुंतवणूक'

लेख छान, पण जपानी पितळी मॉडेल इंजिनं (रेल्वे इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती) म्हणजे 'हमखास वाढणारी गुंतवणूक' हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. महायुद्धानंतर जपानी कारागिरांनी ती अमेरिकन बाजारासाठी हाताने डाग देत (सोल्डरिंग करून) जोडली. प्लास्टिकचा साचा परवडायला हजारो नग खपावे लागत. पितळेत थोडक्या नगांतही भागायचं. म्हणून एखाद्या फारशा माहीत नसलेल्या रेल्वे कंपनीच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल बहुधा पितळेतच मिळे. पुढे मजुरी वाढली, काम कोरियात गेलं. आज तेवढंच बारीक काम प्लास्टिक किंवा डायकास्टमध्ये (साच्यात ओतलेल्या धातूत), वर इंजिनाच्या आवाजासकट मिळतं. मग जुन्या मालाला भाव कोण देणार? तेन्शोदो या जपानी कंपनीच्या 'बिग बॉय'सारखे (अमेरिकेतल्या अवाढव्य वाफेच्या इंजिनाचं मॉडेल) अपवाद सोडा.

घेणाऱ्याने आधी खोक्यातला फोम बघावा. जुना फोम चिकट होतो, त्याचा भुगा पितळेवरच्या लॅकरवर (संरक्षक लेपावर) असा बसतो की काढताना लेपही निघून येतो. विकणारे फोटोत नेमकी तीच बाजू दाखवत नाहीत! मोटरही फिरवून बघा, कपाटात वर्षानुवर्षं पडून ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. चालवायचंच नसेल तर गोष्ट वेगळी.