गोगलगाय, आमच्या पोटात गोळा

चूक माझीच आहे. मे महिन्यात जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं की यंदा परसात औषधाचा एक थेंब मारायचा नाही, पक्षी येऊदेत, फुलपाखरं येऊदेत, बेडूक येऊदेत. बेडकासाठी तर एक फुटकी कुंडी पालथी घालून टू बीएचके करून ठेवला. आणि जून संपता संपता आल्या कोण, तर गोगलगाई.

साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहितीय, लागला की थांबायचं नाव नाही. दसऱ्याला फुलं विकत आणायची नाहीत असा बायकोचा पण, म्हणून झेंडूची चाळीस रोपं लावलेली. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर चाळीस काड्या उभ्या, उदबत्ती जळून गेल्यावर उरतात तशा. फरशीवर चकचकीत रेघा, एक नळाकडे, एक तुळशीच्या कट्ट्यावर, आणि एक चक्क माझ्या चपलेच्या अंगठ्यातून आरपार.

'गोगलगाय पोटात पाय' शाळेत पाठ केलं होतं, पण तिच्या तोंडात हजारो बारीक दात असतात, किसणीसारखे, हे कुठल्याच बाईंनी सांगितलं नव्हतं. या मोठ्या शंखवाल्या तर आपल्या इथल्या नाहीतच, मूळच्या आफ्रिकेतल्या. 1847 साली बेन्सन नावाच्या साहेबानं मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडल्या म्हणे. बरोबर शंभर वर्षांनी इंग्रज गेले, ह्या मात्र राहिल्या. त्यातून प्रत्येक जण नर पण आणि मादी पण, म्हणजे पत्रिका बघायला नको, कुणालाही कुणीही चालतं, आणि एका दमात शे-दोनशे अंडी.

उपाय सुरू झाले. मीठ घेऊन निघालो तर आई दारात आडवी, "चातुर्मास बसलाय आन् जीव मारतोस व्हय?" (मीठ मातीत उतरलं तर झाडंही जातात, हे मला नंतर कळलं, आईला बहुतेक आधीच माहीत असावं.) दुकानातून गोळ्या आणाव्यात तर त्या आमच्या गेटपाशी झोपणाऱ्या कुत्र्यानं खाल्ल्या की ते पण गेलं. शेवटी एका शेतकरी मित्रानं सांगितलं, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी टाक, सकाळी उचल. गूळ विरघळवताना आई बघत होती, म्हणाली, "पावन्यास्नी गुळवणी करताना कधी एवढा हात सैल सुटला नाही तुझा."

सकाळी गोणपाट उचललं. खाली त्रेसष्ट. मुलानं मोजल्या. उघड्या हातानं धरायच्या नाहीत, रोगराई असते, म्हणून हाताला पिशव्या बांधून एकेक सोडवली. सोडवताना जो 'पच्' असा आवाज येतो ना, तो अजून जेवताना आठवतो.

पण आता ह्यांचं करायचं काय? मारायची छाती नाही. मग रात्री बादलीला झाकण लावलं, ॲक्टिव्हावर मागं पोरगा, मांडीवर बादली, आणि निघालो यवतेश्वरच्या डोंगरात सोडायला. बोगद्यापर्यंत पोचलो आणि पोरगा मागनं म्हणतो, "बाबा, ह्या वर वर सरकत कासला पोचल्या तर?" मी गाडीच थांबवली. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि तिथल्या फुलांवर आमच्या झेंडूवर सुटलेली गँग सोडणारा सातारकर म्हणून मला इतिहासात जायचं नव्हतं. वळवली गाडी.

आणि समर्थ मंदिरापाशी नाकाबंदी.

"बादलीत काय?"

झाकण उघडलं. हवालदारांनी टॉर्च मारला, दोन गोगलगाईंनी शिंगं वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"खायला नेताय का सोडायला?"

"दोन्ही नाही साहेब. सोडायला निघालेलो, आता परत घरी नेतोय."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग पोराकडं बघून म्हणाले, "जावा."

आई झोपल्यावर बायकोनं काही न बोलता बादलीत मिठाचं पाणी ओतलं आणि सकाळी खोल खड्डा काढून सगळं पुरलं. मी आत टीव्ही मोठा करून बसलो होतो. तेव्हापासून हे रोजचं आहे, मी गोळा करतो, पुढचं ती बघते, आणि आईला सांगितलंय की यवतेश्वरला सोडतो.

काजव्याच्या अळ्या गोगलगाय खातात, भारद्वाज पण खातो, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, म्हणजे एक दिवस हे आपोआप मिटेल. परवा सकाळी खरंच भारद्वाज आला. तांबडे पंख, लालभडक डोळा, ऐटीत भिंतीवरनं उतरला. आईनं हात जोडले, बायको पोळी टाकून बाहेर आली, पोरानं मोबाइल काढला. तीन लठ्ठ गोगलगाई त्याच्या अगदी पायाशी. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, ओलांडून पुढं गेला, पालथ्या कुंडीत चोच घातली आणि आमचा बेडूक उचलून निघून गेला.

आई म्हणाली, "शकुन चांगला झाला बघ."