अप्लाइड मॅथ्स म्हणजे 'हलकं गणित' नव्हे

सेकंड पीयूसीचा (कर्नाटकातल्या बारावीचा) निकाल लागला की खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोच: "अप्लाइड मॅथ्स सोपं, सिद्धता नाहीत, शेवटी मास्तरकीच. हां, आयएसएसला चालतं." (आयएसएस म्हणजे भारतीय सांख्यिकी सेवा.)

सोपं? साफ चूक. शुद्ध गणितातलं रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा इथेही आहे, सिद्धताही सुटत नाहीत. फरक एवढाच, की प्रश्न बाहेरून येतो. दहा गावांचा ऊस, वीस ट्रॅक्टर, एक कारखाना. तोडलेला ऊस थांबला की वाळतो, उतारा (उसातून मिळणारी साखर) घसरतो. कुठल्या गावाला किती खेपा, हे चल, म्हणजे आपण ठरवायचे आकडे. ट्रॅक्टरची संख्या, रोजची गाळप क्षमता, ही बंधनं. ती पाळून ऊस कमीत कमी थांबेल अशा खेपा शोधायच्या. झालं लिनिअर प्रोग्रॅमिंग. (हंगामातली रस्त्यावरची रांग बघून ते कुणी सोडवलंय असं वाटत नाही, ते सोडा.)

मास्तरकीत वाईट काही नाही, पण बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.लाही जाता येतं.

आयएसएसचं मात्र अर्धवट सांगितलंय. यूपीएससीच्या या सांख्यिकी सेवेला पदवीत सांख्यिकी हा विषय किंवा सांख्यिकीतली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या गणितावर फॉर्म टिकत नाही. तेव्हा ॲडमिशनच्या वेळीच जोडविषयांत सांख्यिकी आहे का, ते बघून घ्या.