४ जीबी रॅम, विस्कटलेला अहवाल आणि ‘मूळ ऑफिसच घ्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या आधीच्या लेखात मी ऑफिसच्या कामासाठी ८ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती जागा) लॅपटॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी चालणारं मोफत लिबरऑफिस सुचवलं होतं. त्यावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिल्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, साध्या टायपिंगसाठी ८ जीबी रॅमचा आग्रह धरणं म्हणजे वाचकाला नाहक खर्चात पाडणं; ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचा छोटा लॅपटॉप पुरतो. दुसरा, लिबरऑफिस सुचवायला नको होतं, कारण वर्डमध्ये १२ पानांचा असलेला तुमचा अहवाल त्यात उघडल्यावर १४ पानांचा झाला आणि तक्ते पानाबाहेर गेले. आणि तिसरा, लॅपटॉप स्वस्तातला घेऊन वाचलेले पैसे मूळ मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर खर्च करावेत. तिसरा सल्ला काही जणांना नक्की लागू पडतो. पण ज्या लॅपटॉपवर तुम्ही ते ऑफिस चालवायला सांगताय, तिथेच अडचण आहे.

४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज ही विंडोज ११ ची किमान अट आहे. तेवढ्यावर विंडोज बसतं, एवढाच तिचा अर्थ. विंडोज आणि अँटीव्हायरस यांनी आपला वाटा घेतल्यावर ब्राउझरचे चार-पाच टॅब आणि एक वर्ड फाइल उघडली की रॅम संपते. मग विंडोज रॅममधला मजकूर स्टोरेजवर हलवायला लागतं. या वर्गातल्या लॅपटॉपमध्ये ते स्टोरेज बहुतेकदा ईएमएमसी (स्वस्त, संथ मेमरी चिप) प्रकारचं असतं. ईएमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं, दोन्ही एकदम करत नाही. त्याच्या ५.१ आवृत्तीची कागदावरची कमाल गती सेकंदाला ४०० एमबी, तर एनव्हीएमई एसएसडी या वेगवान स्टोरेजची (पीसीआयई ३.० जोडणीच्या चार लेनवर) ३,९०० एमबीच्या आसपास. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, ते या अदलाबदलीमुळे. त्यात वर्डचा दोष नसतो.

शिवाय ६४ जीबी म्हणजे विंडोजच्या मोजणीत ५९.६ जीबी. त्यातले सुमारे ७ जीबी विंडोज अपडेटसाठी राखून ठेवतं. मूळ ऑफिसला आणखी ४ जीबी जागा हवी, आणि त्याचीही रॅमची किमान अट ४ जीबीच आहे. दोन किमान अटी एकाच मशीनवर एकत्र आल्या की कामाला उरतं फार थोडं. वर्षभराने मोठं अपडेट जागेअभावी अडतं, आणि ईएमएमसी बोर्डवरच सोल्डर केलेलं असल्यामुळे बदलता येत नाही. म्हणून ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी या दोन गोष्टींवर मी तडजोड सुचवत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर वजन, जाडी, टचस्क्रीन, वेबकॅम यांत वाचवा. स्क्रीन मात्र १३६६ × ७६८ ची घेऊ नका. एक्सेलमध्ये रिबन (वरची बटणांची पट्टी) उघडी ठेवली की खाली मोजक्याच ओळी दिसतात.

दुकानात लॅपटॉप चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅम बहुधा काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती सोल्डर केलेली आहे, तेव्हा ८ जीबी आजच घ्या. प्रोसेसरच्या नावावरून भुलू नका. सेलेरॉन एन४०२० मध्ये दोनच कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, २०२३ च्या एन१०० मध्ये चार; दोन्ही इंटेलचेच. विंडोज ‘एस मोड’ या मर्यादित प्रकारात असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसवता येत नाही. त्यातून बाहेर पडणं मोफत आहे, परत जाता मात्र येत नाही. एआरएम (इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेच्या) प्रोसेसरवर ऑफिस उत्तम चालतं, पण जुना प्रिंटर किंवा डिजिटल सहीचा डोंगल यांना एआरएमसाठीचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो. तो नसेल तर इलाज नाही. विंडोजऐवजी गुगलची क्रोमओएस असलेल्या क्रोमबुकवर वर्ड फक्त ब्राउझरमधून चालतं.

आता तुमचा अहवाल. पानं वाढली की पहिला संशय फॉन्टवर घ्यावा. फाइलमध्ये फॉन्टचं फक्त नाव असतं. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की दुसरा लावला जातो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि मजकूर खाली सरकत जातो. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया हे हुबेहूब त्याच रुंदीचे फॉन्ट आहेत, आणि विंडोजवर लिबरऑफिससोबतच येतात. लिनक्सवर मात्र ते वेगळे बसवावे लागू शकतात. २०२३ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला नेहमीचा फॉन्ट ॲप्टोस झाला, आणि त्याला अशी जोडी लिबरऑफिसबरोबर येत नाही. नव्या फाइली जुन्यांपेक्षा जास्त विस्कटतात, त्याचं हे मोठं कारण.

देवनागरीत हे आणखी किचकट होतं. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्ही रोमन अक्षरांसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा फॉन्ट नोंदवतात. वरवर कॅलिब्री दिसत असतो आणि मराठी मजकुराला भलताच फॉन्ट लागलेला असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० पासून प्रत्येक संगणकावर नसतात. ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ बसवावे लागतात. म्हणजे तुमचा अहवाल कोकिळात असेल तर दोन मूळ वर्डमध्येही तो दोन तऱ्हांनी दिसू शकतो. ‘मूळ ऑफिस घेतलं की प्रश्न मिटला’ हे मला मान्य नाही, ते यासाठी. युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांची आजची प्रमाणित संगणकीय पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. तिथे कुठलंच ऑफिस मदत करत नाही.

तक्ते पानाबाहेर जातात त्याचं नेहमीचं कारण म्हणजे मजकुराप्रमाणे आपोआप पसरणारे रकाने. वर्डमध्ये टेबल प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रिफर्ड विड्थ’ १०० टक्के करा आणि ‘ऑप्शन्स’मधली ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’ची खूण काढा. नवं पान एंटर दाबत दाबत आणलं असेल तर ते सगळे एंटर काढून कंट्रोल+एंटर वापरा. फाइल वर्डमध्ये परत जाणार असेल तर ती आधीपासून शेवटपर्यंत डॉक्सएक्स या वर्डच्या फाइल-प्रकारातच ठेवा. मधेच ओडीटीत (लिबरऑफिसच्या फाइल-प्रकारात) साठवून पुन्हा डॉक्सएक्स केली की प्रत्येक फेरीत काहीतरी गळतं. समोरच्याला फक्त वाचायची असेल तर पीडीएफ पाठवा.

एक्सेलबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) लिबरऑफिसमध्ये अर्धेमुर्धे चालतात. पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्हट ही मोठा डेटा गोळा करून मांडायची एक्सेलची साधनं त्यात नाहीतच. एक्सलुकअप, फिल्टर, युनिक ही फंक्शन्स लिबरऑफिसच्या २४.८ आवृत्तीत आली, त्याआधीची आवृत्ती असेल तर ती चालणार नाहीत. आणि फाइल उघडल्यावर आकडे बरोबर दिसले म्हणून समाधान मानू नका. ते एक्सेलने साठवलेले जुने आकडे असू शकतात. कंट्रोल+शिफ्ट+एफ९ दाबून सगळं पुन्हा मोजायला लावा, मग खरं काय ते कळतं. रोजच्या कामात मॅक्रो असतील, किंवा एकच फाइल पाच जणांच्या दुरुस्त्या घेऊन फिरत असेल, तर मूळ ऑफिस घ्याच. ब्राउझरमधल्या मोफत एक्सेलवर भिस्त ठेवू नका, त्यात व्हीबीए चालत नाही. पण तेव्हाही आधी ८ जीबी आणि एसएसडी, मग परवाना.

हे ठरवायला खरेदीची वाट पाहायची गरज नाही. आत्ताच्या संगणकावर लिबरऑफिस बसवा आणि तुमच्या सर्वांत अवघड तीन फाइली त्यात उघडा. तुमच्या अहवालापासूनच सुरुवात करा. मजकुरात कर्सर ठेवून वरच्या पट्टीतलं फॉन्टचं नाव पाहा. ते तिरप्या अक्षरांत असेल तर तो फॉन्ट संगणकावर नाही. इंग्रजी शब्दावर आणि मराठी शब्दावर वेगवेगळं तपासा. मग ज्या संगणकावर अहवाल तयार झाला तिथल्या वर्डमध्ये फाइल > ऑप्शन्स > सेव्हमध्ये ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करा, त्याखालची ‘डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टिम फॉन्ट्स’ची खूण काढा आणि फाइल पुन्हा साठवा. फॉन्टचा परवाना मुभा देत असेल तर तो फाइलबरोबर जाईल. त्यानंतरही १४ पानं राहिली तर फॉन्टचं नाव आणि तक्त्याची ‘प्रिफर्ड विड्थ’ इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगता येईल.