‘तोंडाने मागितल्याशिवाय देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना भावना नसतात, त्यांचा आरडाओरडा म्हणजे हट्ट, दुर्लक्ष करा, तोंडाने मागितल्याशिवाय काही देऊ नका, म्हणणं सांगायला चित्रं किंवा ॲप हातात दिलं की मूल कायमचं मुकं राहतं, घरात एकच भाषा बोला. खाली ‘जनहितार्थ’. मी स्वमग्न मुलाची आई. हा मेसेज वाचून ओळखीच्या एका घरातली चित्रकार्डं माळ्यावर गेली, म्हणून लिहायला बसले.

‘भावना नसतात’ हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खोटं. भावना असतातच, कित्येकदा आपल्याहून तीव्र. अडतं ते ओळखण्यात आणि सांगण्यात. आत काय चाललंय त्याला नाव देता न येणं याला ॲलेक्सिथिमिया म्हणतात. २०१९ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात स्वमग्न व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांत ते आढळलं. इतरांत पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उरलेल्या निम्म्यांना तीही अडचण नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश संशोधकाने २०१२ मध्येच मांडलं होतं की हे न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आपल्यालाही त्यांचा चेहरा वाचता येत नाही, पण नापास मात्र पोरगंच.

आता हट्ट. हट्ट करणारं पोर मधूनच डोळा उघडून बघतं, आई बघतेय का. हवं ते मिळालं की थांबतं. भावनांचा कडेलोट झालेल्या मुलाला ते मिळूनही थांबता येत नाही. आमच्या पूर्व भागात भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात. आवाज चढला की माझा मुलगा आधी कानाची पाळी चोळतो, मग दाराची कडी खालीवर करत राहतो आणि मग सुरू होतं, ‘गाडी सुटली, गाडी सुटली’. स्टेशनवरच्या गर्दीत घाबरला होता तेव्हा कानावर पडलेलं हे वाक्य. त्याच्या लेखी अर्थ एकच: मला भीती वाटतेय. पाळीवर हात गेला तेव्हाच त्याला आतल्या खोलीत नेलं, तर पुढचं बहुतेक वेळा टळतं. दुर्लक्ष केलं तर पुढे डोकं भिंतीवर. त्या वेळी ‘काय झालं, सांग ना’ हा भडिमारही नको.

चित्रांमुळे मूल मुकं राहतं? २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी विकासात्मक अक्षमता असलेल्यांना चित्रं, खुणा अशी बोलण्याला पूरक साधनं दिली तेव्हाचे अभ्यास तपासले. ज्यांच्याबाबत पुरावा भक्कम होता अशा २७ जणांत एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्क्यांचं वाढलं. बहुतेकांचं थोडंच वाढलं, हेही खरं, चमत्कार कुणी समजू नये. पण तहानलेल्या पोराला ‘पाणी म्हण’ म्हणत ताटकळत ठेवण्याला मी शिकवणं म्हणणार नाही.

घरी सुरुवातीला चारच कार्डं पुरतात: राग, भीती, दुखतंय, पुरे. आधी वापरायची मोठ्यांनी. शेंगाचटणीची बरणी हातातून निसटली की मी ‘राग’वर बोट ठेवते आणि तेवढंच बोलते, ‘मला राग आला.’ मुलाला ‘हा चेहरा कोणता?’ म्हणून परीक्षा घेत बसू नये. आणि ‘पुरे’ दाखवलं की खरोखर थांबायचं, घास हातात असला तरी. नाहीतर ते कार्ड बाद. मोबाइलवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही आहे.

एकच भाषा? सोलापुरात? आजी तेलुगू, शेजार कन्नड, शाळा मराठी. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीला तेलुगू बंद करायला सांगितलं की आजीच गप्प होते, एवढाच परिणाम.

दिनक्रम ठरलेला ठेवा, ही मेसेजमधली एक ओळ मात्र बरोबर आहे. पण जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली की तो मोडणारच. आम्ही आदल्या दिवशी भिंतीवर ओळीने चित्रं लावतो: नंदीध्वज, गर्दी, शोभेचं दारूकाम, घर. त्याने मध्येच ‘पुरे’ दाखवलं तर तिथूनच रिक्षा करायची, पाहुणे काहीही म्हणोत.