दुसरा भाग कुणाकडंय?

बायकोचं म्हणणं एकच, जे सांगायचंय ते एका पुस्तकात सांगायला काय होतं? आता तिला काय समजावणार. ट्रिलॉजीची, म्हणजे तीन भागांतल्या कादंबरीची, खरी मजा अशी की गोष्ट ऐन रंगात असताना शेवटचं पान आलं तरी पोटात गोळा येत नाही, अजून दोन ठोकळे बाकी असतात. पातेल्यात रस्सा भरपूर आहे हे दिसत असलं की माणूस कडक भाकरी कशी निवांत चुरतो, तसं.

तर मे महिना, पारा ४३ वर, खिडकीला ओली चादर (सोलापुरीच, आमच्या घरात दुसरी असणार कुठून), आणि वाचनालयातून आणलेल्या एका अनुवादित ट्रिलॉजीचा पहिला भाग मी दोन दिवसात उडवला. शेवटच्या पानावर हिरो विहिरीत लोंबकळतोय, वरून अंधारात कुणाचा तरी हात येतो आणि खाली छापलंय, पहिला भाग समाप्त. हात कुणाचा?? बनियनवर शर्ट चढवला आणि भर उन्हात गाडीला किक मारली.

काउंटरवरचे काका मला शाळेपासून ओळखतात. "दुसरा बाहेर गेलाय बे."
"कधी येईल?"
"येईल की."

चार-पाच दिवसाआड नळ येणाऱ्या गावात 'येईल की'ची सवय असते, पण नळ निदान येतो तरी. इथं तीन आठवडे झाले. एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं, म्हणून पहिला भाग परत केलाच नाही, म्हटलं दुसरा हातात आला की तिथल्या तिथं बदलून घेऊ, तोवर नावं विसरली तर चाळायला बरा. दंड चढत होता, चढू दे.

हे एका वेळी एकच प्रकरण फार जुनं आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मुडी नावाच्या गृहस्थाची मोठी लायब्ररी होती, वर्षाची वर्गणी १ गिनी आणि एका वेळी एकच खंड. त्यामुळं तीन खंडांची कादंबरी म्हणजे त्याला सोन्याची कोंबडी, एकच पुस्तक एकाच वेळी तीन घरांत फिरणार. टॉल्किनबाबांनी तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकच कादंबरी म्हणून लिहिली होती, तिचे तीन तुकडे केले प्रकाशकानं, कागद महाग होता म्हणून. पहिले दोन १९५४ मध्ये आले आणि तिसऱ्यासाठी लोक ऑक्टोबर १९५५ पर्यंत ताटकळले. हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकदा मात्र तोल गेला. तिसरा भाग शेल्फवर समोरच होता, म्हटलं एकच पान बघू. पहिल्याच ओळीत हिरो एका हातानं बुटाची लेस बांधतोय, कारण दुसरा नाहीच! म्हणजे आता वरून आलेला हात कुणाचा हा एक प्रश्न आणि ह्याचा कुठं गेला हा दुसरा. पुस्तक मिटलं, घरी येऊन शेंगाचटणीबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या, तरी झोप नाही.

चौथ्या आठवड्यात काका म्हणाले, "दुसरा भाग ज्याच्याकडंय ना, त्यानं चुकून आधी तोच नेला बे. बाइंडिंग केलंय ना, नंबरच दिसत नाही. वाचून झालाय त्याचा, पण परत करत नाही. पहिला मिळाला की दोन्ही सलग वाचणार म्हणतो. पहिला म्हणे कुणीतरी महिनाभर दाबून ठेवलाय."

आणि माझ्या कापडी पिशवीकडं बघितलं.

मी गपचूप पहिला भाग काउंटरवर ठेवला, दंडाचे पैसे मोजले. काकांनी तिथूनच त्याला फोन लावला, बराच वेळ हूं हूं केलं, मग फोनवर तळहात ठेवून मला म्हणाले, "अजून पंधरा दिवस लागतील म्हणतोय. पण तुला लई घाई असली तर तो हात कुणाचा ते आत्ता फोनवर सांगतो म्हणे, सांगू दे का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की पेपर वाचत बसलेले चारही आजोबा चष्मे वर करून माझ्याकडं बघायला लागले.