बोल्ट तिकडे, मी इकडे

मी डावरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलंय. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो म्हणतात, पण बोल्ट-ॲक्शन रायफली (म्हणजे ज्यात दर गोळीनंतर बोल्ट नावाचा खिळा हाताने मागे-पुढे करून रिकामी पुंगळी काढायची आणि नवं काडतूस भरायचं) बनवणाऱ्यांचा बहुतेक असा समज आहे की तो दहावा माणूस गोफणीने शिकार करतो.

आत्तापर्यंत काकांची जुनी .३०-०६ (हे काडतुसाचं माप) वापरत होतो. रायफल झकास, पण बोल्ट उजवीकडे. आता उजव्या माणसाचं कसं सुखाचं असतं, उजव्या हाताने चाप ओढायचा, तोच हात उचलून बोल्ट वर, मागे, पुढे, खाली, झालं काम. मी दस्ता डाव्या खांद्याला लावतो. त्यामुळे गोळी झाडली की डावा हात सोडायचा, तो रायफलीवरच्या दुर्बिणीवरून पलीकडे न्यायचा, चाचपडत बोल्टचा दांडा शोधायचा, तो वर करताना स्वतःचाच हात स्वतःच्या डोळ्यासमोर येतो, मग मागे ओढायचा, रिकामी पुंगळी उडते, मग पुढे, मग खाली, मग हात आल्या वाटेने परत आणायचा आणि मग दुर्बिणीत बघायचं की हरीण अजून आहे का.

गेल्या सीझनला होतं. तेच तर दुःख आहे. पहिली गोळी त्याच्या पोटाखालून गेली, मातीचा फवारा उडाला, ते दोन उड्या मारून थांबलं आणि वळून माझ्याकडे बघत उभं राहिलं. मी रायफलीला वेलीसारखा वेढा घालून बोल्टशी झटत होतो. त्याने ते सगळं नीट पाहिलं, एक कान हलवला, आणि माझा डोळा परत दुर्बिणीला लागला तेव्हा ते निघालं होतं. पळालं नाही हो, चालत गेलं. पळालं असतं तर इतकं लागलं नसतं.

घरी येऊन जाहीर केलं, नवी रायफल घेणार. बायको म्हणाली, "नेम चुकला म्हणून रायफल बदलतोयस?" म्हटलं, "नेमाचा प्रश्न नाहीये, बोल्टचा आहे." ती "बरं" म्हणाली. पहिली गोळी चुकली तेव्हा बोल्टला हातसुद्धा लागला नव्हता हे तिच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असावं आणि ते त्या "बरं" मध्ये होतं.

मग मी चार अनुभवी लोकांना विचारायची चूक केली. शिकाऱ्यांच्या घोळक्यात "कॅलिबर कुठलं घेऊ", म्हणजे कुठल्या मापाच्या काडतुसाची रायफल घेऊ, असं विचारणं म्हणजे आग्या मोहोळाला दगड मारणं. एक म्हणतो .३०-०६ ला तोड नाही, १९०६ पासून चालतंय म्हणजे काहीतरी असेल ना. दुसरा म्हणतो .३०८ घे, १९५२ चं आहे, जवळजवळ तेवढंच काम करतं आणि काडतूस अर्धा इंच आखूड, त्यामुळे ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची यंत्रणा, आखूड, बोल्टचा प्रवासही आखूड. या अर्ध्या इंचावर दोन वयस्कर माणसं तासभर भांडली, आवाज चढले, एकाने दुसऱ्याचं १५ वर्षांपूर्वीचं चुकलेलं रानडुक्कर बाहेर काढलं. तेवढ्यात मेव्हण्याने ६.५ क्रीडमूरचं नाव घेतलं आणि ते दोघे एक होऊन त्याच्यावर तुटून पडले. क्रीडमूर २००७ चं, म्हणजे त्यांच्या मते अजून दुधाचे दात पडायचेत. खरं तर बिचारं चांगलं कॅलिबर आहे, दणका कमी, गोळी लांबट आणि हवा कापत जाणारी, पण त्याचे चाहते त्याच्याबद्दल इतकं बोलतात की ऐकणाऱ्याला ते न घेण्याची इच्छा होते. कोपऱ्यातले एक काका इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ मध्ये जी रायफल बक्षीस मिळाली ती .२७५ रिग्बी होती, म्हणजे जर्मन ७×५७ माउझरचंच इंग्रजी बारसं, आणि त्याचं अडलं नाही. यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. पण कॉर्बेट डावरा नव्हता बहुतेक, असं मी पुटपुटलो, ते कोणी ऐकलं नाही.

मग मी एक्सेल शीट केली. चौदा रायफली, अकरा रकाने. वजन, बॅरलची लांबी, मॅगझीन (काडतुसांची पेटी) निघणारं की खालच्या झाकणाचं, असं सगळं. एक रकाना होता फीडचा. काडतूस मॅगझीनमधून वर येतानाच बोल्टचा पंजा त्याची कड पकडतो, की बोल्ट त्याला नुसतं पुढे ढकलत नेतो आणि बंद झाल्यावर पकडतो. पहिला प्रकार १८९८ च्या माउझरचा. विंचेस्टरने त्यांच्या मॉडेल ७० मध्ये १९६४ साली तो बदलून दुसरा केला, तर लोक अजून "चौसष्टच्या आधीची" हे शब्द असे उच्चारतात की जणू घरातलं कोणी गेलंय. पंजावाली का घ्यायची, तर मित्र म्हणाला, रायफल उलटी धरून बोल्ट चालवला तरी काडतूस खाली पडत नाही. मी उलटा कधी लटकणार आहे हे मी विचारलं नाही. माझा पूर्वइतिहास बघता लटकेनसुद्धा.

वजनाच्या रकान्यात मी तीन आठवडे अडकलो. डोंगर चढताना प्रत्येकाला अडीच किलोची रायफल हवी असते आणि चाप ओढताना प्रत्येकाला चार किलोची, कारण हलकी रायफल खांद्याला जास्त दणका देते. ४०० ग्रॅम वाचवण्यासाठी मी रात्र रात्र तुलना करत होतो, आणि मग एकदा काय बुद्धी झाली, वजनकाट्यावर उभा राहिलो. त्याबद्दल इथे लिहायची गरज नाही.

दस्ता लाकडी की सिंथेटिक, हे मात्र लवकर मिटलं. अक्रोडाचं लाकूड बघितलं की जीव हरखतो पण ओल लागली की फुगतं, आणि फुगून बॅरलला टेकलं की नेम सरकतो. बॅरल दस्त्याला टेकत नाही ना हे बघायला दोघांच्या फटीतून कागद सरकवून बघतात. मी दुकानात हे ज्ञान दाखवायला गेलो. कागद नव्हता म्हणून खिशातली नोट घातली, ती अर्ध्यात अडकली, मी ओढतोय, निघत नाहीये, आणि दुकानदार हसून म्हणाला, "बयाणा आत्ताच देताय का?"

शीटचा शेवटचा रकाना होता "डाव्या हाताची मिळते का". होय, शेवटचा. ज्या एका कारणासाठी हा सगळा खटाटोप सुरू केला ते मी दोन महिन्यांनी भरायला घेतलं, कारण आधी आपण चांगली रायफल ठरवू, मग डावी मागवू, एवढं साधं असतं असं मला वाटत होतं. चौदातल्या अकरा "नाही". एक फक्त .३०० विन मॅग या दणकेबाज कॅलिबरमध्ये, म्हणजे हरीण पडेल पण मीही पडेन. उरल्या दोन. कॅटलॉगमध्ये खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक तारा असतो, "डावखुऱ्यांसाठी निवडक कॅलिबरमध्ये", ती निवड कोण करतं त्याला मला एकदा भेटायचंय. सॅव्हेज या रायफल कंपनीने त्यांचं ११० मॉडेल १९५८ मध्ये काढलं आणि वर्षभरात त्याची डावी आवृत्ती आणली. माउझरपासून मोजलं तर साठ वर्षं माझे भाऊबंद दुर्बिणीवरून हात टाकत होते. त्या सॅव्हेजमधल्या माणसाचा फोटो मी देवघरात ठेवायला तयार आहे.

सल्ले चालूच. "लिव्हर ॲक्शन घे, तिच्यात बोल्टऐवजी चापाखालचा दांडा खाली-वर करायचा, ती दोन्ही हातांना सारखी." "उजव्या खांद्यावरून मारायला शिक ना, सवय होते." हे मी खरंच पंधरा दिवस केलं. अडचण अशी की मला उजवा डोळा एकटा मिटता येतो, डावा एकटा मिटत नाही. मिटायला गेलो की दोन्ही मिटतात आणि तोंड वाकडं होतं. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी पाणी आणून दिलं.

शेवटी परत दुकानात गेलो. चेंबर रिकामं आहे हे आधी दुकानदाराने बघितलं, मग मी बघितलं, मग नळी भिंतीकडे करून डोळे मिटले, रायफल खांद्याला लावली आणि डोळा उघडला. दुर्बिणीचं वर्तुळ पूर्ण, कडेला काळी सावली नाही, मान वाकवावी लागली नाही. बोल्टचा दांडा डावीकडे, माझ्या मुठीच्या अगदी वर. चाप वाळकी काडी मोडावी तसा सुटला. कॅलिबर .३०८ होतं. मला विचाराल तर त्या क्षणी ते काहीही असतं तरी चाललं असतं, चौदा गुणिले अकरा एकशे चोपन्न खाने भरले होते ते सगळे फुकट गेले. वर एक फायदा असा की मेव्हणा ही उसनी मागू शकत नाही.

पहिल्यांदा रेंजवर नेली तेव्हा शंभर मीटरवर कागद लावला, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. गोळी काळ्या वर्तुळात. आणि माझा डावा हात वीस वर्षांच्या सवयीने उठला, दुर्बिणीवरून पलीकडे गेला आणि उजव्या बाजूला हवेत चाचपडायला लागला.

रेंजवरचा माणूस जवळ आला. "काय शोधताय?"

"बोल्ट," मी म्हणालो.